गुरुवारी न बिघडणारा संगणक

आपल्या व्यापारी घरांत हिशेबाची एक ठरलेली जागा असते. पूर्वी माजघराच्या शेजारच्या खोलीत गादी, तिच्यासमोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी आणि भिंतीतल्या फडताळात लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, असे तिचे रूप होते. आता तेथे संगणकाचे टेबल आले आहे. दिवाळीला वहीपूजनासाठी आजही नवी चोपडी येते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, परंतु दुसऱ्या दिवसापासून खरा हिशेब लिहिला जातो तो पडद्यावरच. त्यामुळे घरात कुणी आजारी पडावे तसा हा संगणक आजारी पडला, की सगळ्या घराची घडी विस्कटते. तो अनुभव आम्ही सन २०२३ च्या मार्चमध्ये पुरेपूर घेतला. त्यातून हाती लागलेल्या काही गोष्टी वाचक बंधुभगिनींच्या उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सांगलीच्या गावभागात आमचे एकत्र कुटुंब राहते. गणपती पेठेत हळद, मिरची, गूळ आणि धने-जिऱ्याचे पिढीजात दुकान आहे. बिले दुकानातल्या संगणकावर होतात. खरेदीच्या नोंदी, येणे-देणे, बँकेचा मेळ आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे हे सारे काम मात्र घरच्या संगणकावर मी करते. हिशेबासाठी आम्ही 'टॅली' वापरतो. या प्रणालीच्या जन्माची कथा आपल्यासारख्या घरांना जवळची वाटावी अशी आहे. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब ठेवण्यासाठी मनासारखी प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी आपला मुलगा भरत याला ती तयार करायला सांगितले आणि १९८६ मध्ये बापलेकांनी मिळून हे काम उभे केले. वडिलांची नड आणि मुलाची विद्या एकत्र आली, की व्यापारी घरात काय उभे राहू शकते याचे हे उदाहरण मी आमच्या घरातील मुलांना नेहमी सांगते.

तर त्या मार्चमध्ये झाले असे, की काम चालू असताना एकाएकी पडदा काळा व्हायचा, पेटीतून 'टक्' असा बारीक आवाज यायचा, क्षणभर शांतता, आणि मग संगणक आपणहून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. सूचना नाही, चुकीचा संदेश नाही. लिहीत असलेली नोंद अर्थातच गेलेली असायची. पहिल्या आठवड्यात हे दिवसाकाठी एकदा घडे, पुढे पाच-पाच, सहा-सहा वेळा होऊ लागले. एकदा तर नोंद साठवली जात असतानाच तो बंद पडला आणि पुन्हा उघडल्यावर त्या महिन्याचा हिशेब वाचता येईना. आदल्या रात्रीची प्रत पेन ड्राइव्हवर होती म्हणून निभावले.

या पेटीला आमच्या घरात जो मान आहे, त्यामागे एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईचे पाणी आयर्विन पुलाजवळ साडेसत्तावन्न फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. दुकानातील हळदीची पोती तर गेलीच, पण तळघरात ठेवलेल्या जुन्या खतावण्यांचा अक्षरशः लगदा झाला. त्या धांदलीत थोरल्या भाऊजींनी घरातून पहिल्यांदा काय उचलून वरच्या मजल्यावर नेले असेल, तर ती ही संगणकाची पेटी. पूर ओसरल्यावर कुणाकडे किती येणे आहे हे सांगू शकणारी तीच एक वस्तू उरली होती. अशी पेटी वर्षअखेरीला, विवरणपत्राची वीस तारीख तोंडावर असताना, दिवसातून सहादा डोळे मिटू लागली, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांचा धीर सुटला यात नवल नाही.

धीर सुटला म्हणजे माणसाला दोषी लागतो. तो आमच्या घरात लगेच सापडला. थोरल्या भाऊजींचा मुलगा, माझा पुतण्या, तेव्हा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. पदवी घेऊन पुण्याला जाऊन सनदी लेखापाल व्हायचे, असे त्याच्या मनात होते आणि त्याचे बोलणे नुकतेच कुठे सुरू झाले होते. पूर्वी सुट्टीत तो या संगणकावर क्रिकेटचे वगैरे खेळ खेळत असे. तेवढे पुरले.

"रात्री बारा-बारापर्यंत खेळ चालतात. त्यातनंच काहीतरी शिरलंय आत," भाऊजी जेवताना सर्वांसमोर म्हणाले.

"पप्पा, मी जानेवारीपासून त्या कॉम्प्युटरला हात लावलेला नाही," तो म्हणाला.

"घरातला एक कॉम्प्युटर ज्याला सांभाळता येत नाही, त्यानं पुण्याला जाऊन लोकांची खाती सांभाळायची!"

मुलगा पानावरून उठला नाही, अन्न टाकले नाही, पण त्या दिवसापासून हिशेबाच्या खोलीत त्याने पाऊल ठेवले नाही. पुण्याचा विषयही घरात कुणी काढेना. संगणकाचा बिघाड एका बाजूला राहिला आणि बापलेकांत अबोला सुरू झाला.

दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावले. त्यांनी पेटी न उघडताच 'व्हायरस आहे' असे निदान केले आणि सगळे पुसून नव्याने प्रणाली भरण्यासाठी ती आपल्या दुकानी नेली. दोन दिवस त्यांच्याकडे तो संगणक सकाळपासून रात्रीपर्यंत चालू होता, एकदाही बंद पडला नाही. भाऊजींना आपला तर्क खरा ठरल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला पेटी घरी आली, जोडली, आणि पावणेअकराला 'टक्' झाले.

या सगळ्या काळात माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणतो, खुर्चीवर बसून पाहत होते. वय ब्याऐंशी. संगणकाच्या कळफलकाला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही, परंतु पन्नास वर्षे रोजकीर्द आणि खतावणी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. त्या दिवशी त्यांनी मला विचारले, "सूनबाई, तिकडं दोन दिवस बरा होता. इकडं तासाभरात आजारी. मग आजार पेटीत आहे का घरात?"

हा प्रश्न इतका साधा होता, की आमच्यापैकी कुणालाही तो सुचला नव्हता. व्हायरस असता तर तो पेटीबरोबर दुरुस्तीच्या दुकानी गेला असता, आणि सगळे पुसल्यावर नाहीसाही झाला असता. येथे तर उलटा प्रकार होता.

जुन्या पद्धतीने हिशेब लिहिणाऱ्यांना तेरीज न जुळण्याचे दुःख माहीत आहे. जमेची आणि नावेची बेरीज एक यायला हवी आणि नव्वद रुपयांचा फरक निघतो. अशा वेळी कच्चा मुनीम सगळ्या वह्या पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतो. मुरलेला माणूस आधी त्या फरकाकडे पाहतो. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो, म्हणजे ४५० च्या जागी ५४० लिहिले गेले. फरकाच्या निम्मी रक्कम कुठल्या खात्यात दिसते का हेही तो पाहतो, कारण नावेची रक्कम जमेला गेली असेल तर फरक दुप्पट येतो. फरक स्वतःच आपला पत्ता सांगतो, फक्त त्याला विचारता आले पाहिजे. मामंजींची सारी हयात या विचारण्यात गेली होती.

त्यांनी फडताळातून एक कोरी वही काढायला लावली. तिच्यात पाच रकाने आखले : तारीख, वार, घड्याळातील वेळ, संगणकावर त्या क्षणी कोणते काम चालले होते, आणि घरात त्या वेळी आणखी काय चालू होते. त्यांची दुसरी अट अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम एक दिवस पाहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर कशाने गेला हे कळत नाही आणि तो परत आला तर पुन्हा तेथूनच सुरुवात करावी लागते. दुरुस्तीच्या घाईत हे भान क्वचितच राहते, आणि नको असलेले दोन-तीन सुटे भाग गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतात ते यामुळेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे माहेर साताऱ्याचे. माझा धाकटा भाऊ तेथे एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विजेचे काम शिकवतो. त्याला फोन केला. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. विंडोज ही कार्यप्रणाली गंभीर चूक झाली की आपणहून पुन्हा सुरू होते, तशी तिला मुळातच आज्ञा दिलेली असते. त्यामुळे चुकीचा संदेश असलेला निळा पडदा दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. 'सिस्टीम प्रॉपर्टीज' मध्ये 'अॅडव्हान्स्ड' या भागात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे. तेथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढून टाकली, म्हणजे संदेश पडद्यावर थांबून राहतो. निळा पडदा थांबला तर दोष बहुधा प्रणालीत, एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा स्मृतिपट्टीत. खूण काढूनही निळा पडदा न दिसता यंत्र थेट पुन्हा सुरू झाले, तर दोष विजेकडे किंवा यंत्राच्या एखाद्या भागाकडे असण्याचा संभव अधिक.

आम्ही खूण काढली. त्या दिवशी तो चार वेळा बंद पडला आणि एकदाही निळा पडदा आला नाही. 'इव्हेंट व्ह्युअर' नावाची संगणकाची स्वतःची रोजकीर्दच असते. तीत प्रत्येक वेळी 'कर्नेल-पॉवर' या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद सापडली. तिचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. कारण त्यात नसते. मात्र वेळ अगदी सेकंदापर्यंत असते, त्यामुळे मामंजींच्या वहीतील वेळा पडताळून पाहता आल्या, आणि मी झोपल्यावर किंवा स्वयंपाकघरात असताना झालेले प्रकारही वहीत चढले.

पुढचा संशय धुळीवर. ज्या घरात हळदीचे नमुने येतात-जातात त्या घरातील संगणकाच्या आत काय असेल याची वाचकांना कल्पना येईल. वायर भिंतीतून काढून, पेटी गच्चीवर नेऊन झाकण उघडले, तर पंख्याच्या पात्यांवर पिवळसर लोकरीचा थर! मी हवा मारायचे यंत्र लावणार तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब. आधी बघ आत कुणी आहे का." होतेच. मागच्या कोपऱ्यात कोळ्याचे घर आणि तळाशी चांदीच्या रंगाचे दोन-तीन किडे. सासूबाईंनी रंगकामाचा मऊ कुंचला आणला, एकेकाला कागदावर घेतले आणि कुंडीत नेऊन सोडले. त्यानंतरच सफाई झाली. यात पाऊण तास गेला, भाऊजी वैतागले, पण मला तो पाऊण तास वाया गेला असे वाटले नाही.

येथे थोडे विषयांतर करते. यंत्रातील दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द अभियंत्यांच्या बोलण्यात जुनाच होता, पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या गणनयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला, शेजारी वेळ लिहिली. ती नोंदवही स्मिथसोनियनच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. मामंजींना हे सांगितले तेव्हा पतंगाचे त्यांना वाईट वाटले, पण एवढ्या मोठ्या विद्यापीठातही यंत्राच्या दुखण्याची वही ठेवत असत हे ऐकून त्यांना मोठे समाधान झाले.

सफाईनंतर एक दिवस पाहिले. फरक नाही. मग स्मृतिपट्टी काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने हलके पुसले, पुन्हा घट्ट बसवली आणि रात्री विंडोजमध्येच असलेली 'मेमरी डायग्नोस्टिक' ही तपासणी लावून ठेवली. सकाळी निकाल निर्दोष. उष्णतेचा संशय अजून होता, कारण सांगलीतील चैत्राचे ऊन आणि हे दुखणे बरोबरच सुरू झाले होते. पण प्रोसेसरचे तापमान मोजले तर ते साठ अंशांच्या आतबाहेर. अतिउष्णतेमुळे यंत्र बंद पडण्याची वेळ यायला ते साधारण शंभरच्या घरात जावे लागते. शिवाय वही निराळेच सांगत होती. उष्णता हे कारण असते तर दुपारी दोन ते चार या वेळेत सर्वाधिक नोंदी हव्या होत्या. त्या वेळेत जवळजवळ काहीच नव्हते. नोंदी दाटल्या होत्या सकाळी दहा ते साडेबारा आणि संध्याकाळी चार ते सात.

दोन आठवड्यांची वही भरली तेव्हा मामंजींनी ती मांडीवर घेतली, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "दोन्ही गुरुवार कोरे आहेत. संगणक गुरुवार पाळतो का काय?"

आम्ही हसलो. पण स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गुरुवारी कांडप बंद असतं. म्हणून तर मी मिरच्या बुधवारीच देते."

आमच्या घराच्या मागच्या बोळात मिरची-मसाल्याचे कांडप यंत्र आहे. वर्षभर ते रडतखडत चालते, पण होळीच्या सुमारास सांगलीत वर्षाची चटणी करण्याची धांदल सुरू होते आणि मग सकाळी दहापासून तेथे डबे घेऊन बायकांची रांग लागते. दुपारी जेवणाची सुटी असते. वहीतील वेळा आणि कांडपाच्या वेळा एकमेकींवर ठेवल्या तर जमेला नावे जुळावे तशा जुळत होत्या.

तरीही भाऊजींचा आक्षेप योग्य होता. "आपल्याकडं इन्व्हर्टर आहे की! लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालतो. मग शेजारच्या मोटरीनं काय होणार?" याचे उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता येईना. म्हणून रविवारी माझा भाऊ कराडमार्गे एस.टी.ने सांगलीला आला. पिशवीत मीटर, आणि संस्थेतील सहकाऱ्याकडून मागून आणलेला एक चांगला वीजपुरवठा-संच, म्हणजे ज्याला बाजारात 'एसएमपीएस' म्हणतात तो.

मामंजींनी त्या दिवशी एक गोष्ट ठरवून केली. त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि वही त्याच्या हातात दिली. "आजच्या नोंदी तू लिहायच्या." तो आधी कांडपाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि मोटर सुरू होते त्या क्षणी फोनवर सांगू लागला. इकडे माझा भाऊ मीटर लावून बसला होता. एरवी दोनशे वीसच्या आसपास असलेला दाब मोटर सुरू होताना क्षणभर एकशे सत्तरपर्यंत खाली जाई आणि लगेच सावरे. दिवे किंचित मंदावत, पण इतके थोडे की दिवसाउजेडी कुणाच्या लक्षात येऊ नये. माझ्या भावाने समजावून सांगितले, की मोटर जागेवरून उठताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. जुन्या वस्तीतील एकाच तारेवर अनेक घरे असली, की त्या क्षणी शेजाऱ्यांच्या वाट्याचा दाब उतरतो. यात कांडपवाल्यांचा काही गुन्हा नाही.

मग त्याने इन्व्हर्टरच्या मागे हात घालून एक लहानसे बटण दाखवले. ते आमच्या घरात वर्षानुवर्षे कुणी पाहिले नव्हते. घरगुती इन्व्हर्टरपैकी पुष्कळांना असे बटण असते आणि त्याच्या दोन बाजू असतात. एक 'इन्व्हर्टर' किंवा 'इको', दुसरी 'यूपीएस'. पहिल्या बाजूला असताना ते यंत्र साधारण शंभर ते दोनशे नव्वद व्होल्टपर्यंतची वीज आहे तशी आत सोडते, कारण दिवे-पंख्यांना तेवढी चालते. दुसऱ्या बाजूला असताना साधारण एकशे ऐंशीच्या खाली किंवा दोनशे साठच्या वर दाब गेला, की ते तत्काळ बॅटरीवर जाते, आणि तेही अधिक चपळाईने. आमचे बटण पहिल्या बाजूला होते. म्हणजे एकशे सत्तरचा झोला सरळ संगणकापर्यंत पोहोचत होता आणि आम्ही मात्र इन्व्हर्टरच्या भरवशावर निश्चिंत होतो.

पण मग इतकी वर्षे हे का घडले नाही? कांडप तर जुनेच आहे. याचे उत्तर पेटीतील वीजपुरवठा-संचात होते. चांगला संच आपल्या पोटात थोडी वीज साठवून ठेवतो आणि सेकंदाच्या साधारण साठाव्या भागाएवढी खोट भरून काढतो. ही साठवण कपॅसिटर नावाच्या डब्यांत असते. उष्णतेने ते हळूहळू सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. आमचा संच नऊ वर्षांचा. बारा व्होल्टच्या तारेवर ११.४ पेक्षा कमी दाब असू नये असे मानक आहे. काम चालू असताना तो ११.३ निघाला. दाब असा घसरला, की हा संच मुख्य फलकाला 'वीज ठीक आहे' असे जे सांगत असतो ते सांगणे थांबवतो, फलक सगळे काम सोडून देतो, आणि दाब सावरताच पहिल्यापासून सुरू होतो. 'टक्' चा अर्थ हा होता. उतरलेला दाब आणि थकलेला संच, दोन्ही एकाच क्षणी आले तरच घात होई. म्हणून दिवसात वीस वेळा मोटर सुरू झाली तरी संगणक पाच-सहा वेळाच बंद पडे.

मला वाटले, आता दोन्ही दुरुस्त करून मोकळे व्हावे. मामंजींनी तसे होऊ दिले नाही. त्यांच्या सांगण्यावरून सोमवारी बटण होते तसेच ठेवून फक्त दुसरा संच बसवला. दिवसभर एकही नोंद नाही. मंगळवारी जुना संच पुन्हा बसवून फक्त बटण 'यूपीएस' कडे केले. त्याही दिवशी नोंद नाही. बुधवारी, म्हणजे कांडपाच्या सर्वांत गर्दीच्या दिवशी, जुना संच आणि बटणही जुन्याच बाजूला. सकाळी साडेअकरापर्यंत तीन वेळा 'टक्'! पुतण्याने तिसरी नोंद लिहिली आणि वही आजोबांपुढे ठेवली. मामंजींनी ती भाऊजींकडे सरकवली. "दोन्ही बाजूंनी जुळलं. आता तूच बघ, यात खेळाचं खातं कुठं निघतंय का ते."

भाऊजींनी वही पहिल्या पानापासून वाचली. बोलले काही नाहीत. त्या रात्री पान वाढल्यावर त्यांनी मुलाला एवढेच विचारले, की पुण्याच्या त्या परीक्षेचा अर्ज कधी भरायचा असतो. घरातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि भाकरी वाढायला सुरुवात केली.

बुधवारी संध्याकाळी नवा संच आणून बसवला आणि बटण कायमचे 'यूपीएस' कडे ठेवले. बॅटरी आता थोडी अधिक वापरली जाते, एवढीच त्याची किंमत. एक सावधगिरीची सूचना मात्र आवर्जून करते. पेटी उघडून धूळ काढणे घरच्या माणसाला जमण्यासारखे आहे, पण वीजपुरवठा-संचाचा स्वतंत्र डबा कधीही उघडू नये. तार काढल्यावरही त्याच्या आत तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा काही काळ राहू शकतो. माझ्या भावाने जुना संच विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून साताऱ्याला नेला. नंतर त्याने चित्र पाठवले, त्यात दोन कपॅसिटरचे माथे पुरी फुगावी तसे फुगलेले स्पष्ट दिसत होते. कांडपवाल्या काकांना सारी हकीकत सांगितली, तर त्यांनी त्या वर्षीची आमची चटणी पैसे न घेता कुटून दिली. सासूबाईंनी ते पैसे हळदीच्या रूपाने परत केले, हे सांगायला नकोच.

वीस तारखेचे विवरणपत्र अठराला गेले. नव्या संचाचे अठराशे पन्नास रुपये चोपडीत चढवताना प्रश्न आला, की हे कोणत्या खात्याला टाकायचे. मामंजी म्हणाले, नवी वस्तू आली, नऊ-दहा वर्षे टिकेल, तेव्हा संगणकाच्या मालमत्तेत मिळवावी. पुतण्या जागेवरून उठला आणि म्हणाला, "नाही आजोबा. संगणक होता तेवढाच राहिला. त्याची ताकद वाढली नाही, नुसता तो पूर्ववत झाला. हा दुरुस्तीचा खर्च आहे, नफा-तोट्यालाच गेला पाहिजे." मामंजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "लिही सूनबाई. दुरुस्ती खाते, नावे."